धागा : नकाशावरचे बाण आणि साथीच्या विषाणूचा प्रवास

छत्रीबाग (इंदूर)

नवा व्हेरियंट आल्याची बातमी झळकली की दोन दिवसांत जगाचा नकाशा फॉरवर्ड व्हायला लागतो. दक्षिण आफ्रिकेतून एक बाण युरोपात, तिथून एक दुबईला, आणि कुणीतरी हौसेनं इंदूरही जोडून दिलेलं असतं. हे बाण कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसतात, गणितानं काढलेले असतात. त्या गणितात काय घातलंय ते न बघता बाणांवर वाद घालणं फुकट आहे. म्हणून हा धागा. उदाहरण मुख्यतः कोविडचं घेऊ, कारण इतके जनुकीय नमुने कुठल्याही साथीत जमा झाले नव्हते. जीआयसेडवर (जगभरचे जनुकीय क्रम जमा होतात त्या संग्रहात) दीड कोटीच्या वर आहेत.

मूळ माल म्हणजे २९,९०३ अक्षरांचा आरएनए. वुहानच्या नमुन्याचा हा क्रम जानेवारी २०२० मध्ये खुला झाला आणि आजही बाकीच्यांची तुलना त्याच्याशीच होते. नक्कल करताना विषाणू चुकतो. फ्लूपेक्षा कमी चुकतो, कारण त्याच्याकडे चुका खोडणारं एन्झाइम (एनएसपी१४) आहे. तरी एका वंशरेषेत महिन्याला साधारण दोन बदल टिकून राहतात. ज्यांच्यात तेच बदल, ते जवळचे नातलग, अशी जोडणी करत गेलं की वंशवृक्ष उभा राहतो.

झाडाच्या टोकांची जागा आपल्याला माहीत असते, कारण नमुना कुठे घेतला ते नोंदलेलं असतं. मधल्या सांध्यांची जागा मात्र कुणालाच माहीत नसते, ती सॉफ्टवेअर भरतं. एका सांध्याखाली बहुतेक टोकं ब्रिटनची असली तर सांधाही ब्रिटनचा धरला जातो, आणि त्यातून भारताची फांदी फुटली की नकाशावर लंडन ते दिल्ली बाण उमटतो. गोची इथेच आहे. ब्रिटननं लाखोंनी नमुने वाचले (म्हणजे सिक्वेन्सिंग केलं), कित्येक देशांनी शेकड्यांनी. ज्या देशात वाचन झालंच नाही तिथून गेलेली साखळी झाडात दिसत नाही, आणि तिचं खापर भरपूर वाचणाऱ्या देशावर फुटतं.

आणि जिथे सापडला तिथेच जन्मला असंही नाही. गॅमा हा व्हेरियंट पहिल्यांदा ओळखला गेला जपानमध्ये, जानेवारी २०२१ मध्ये, टोकियोच्या विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांत. ते ब्राझीलच्या अ‍ॅमेझोनास राज्यातून आले होते आणि तिकडे मानाउसमध्ये हा प्रकार आधीच पसरलेला होता. ओमायक्रॉनची खबर दक्षिण आफ्रिकेनं जागतिक आरोग्य संघटनेला २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दिली. नंतर नेदरलँड्सनं जुने नमुने तपासले तर १९ आणि २३ नोव्हेंबरचे दोन त्यातलेच निघाले. विमानं मात्र बंद झाली ती खबर देणाऱ्याची. ऑगस्ट २०२३ मधला बीए.२.८६ हा ओमायक्रॉनचा उपप्रकार आधी इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये सापडला. बीए.२ या आधीच्या उपप्रकारापासून त्याच्या स्पाइकमध्ये (विषाणूच्या काट्यांच्या प्रथिनात) तीसहून जास्त बदल होते आणि मधली एकही पायरी कुणाच्या हाती लागलेली नव्हती. म्हणजे तो कुठेतरी बराच काळ नजरेआड वाढत होता.


लष्करकर (ग्वाल्हेर)

उत्तम सुरुवात. एक आकडा जोडतो, कारण 'अमक्यानं तमक्याला दिला हे जनुकावरून सिद्ध झालं' असं छातीठोकपणे सांगणारे बरेच भेटतात.

महिन्याला दोन बदल म्हणजे सरासरी १५ दिवसांना एक. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जायला मूळ विषाणूला सरासरी ५ दिवस लागायचे, डेल्टाला ४, ओमायक्रॉनला सुमारे ३. म्हणजे मूळ विषाणूच्या सलग तीन आणि ओमायक्रॉनच्या सलग पाच रुग्णांचे जीनोम तंतोतंत सारखे असू शकतात. एकाच आठवड्यात दुबईच्या विमानानं एक रुग्ण इंदूरला उतरला, दुसरा मुंबईहून रेल्वेनं आला, आणि दोघांचे क्रम सारखेच निघाले, तर पुढच्या रुग्णाला कोणाकडून लागण झाली हे झाड सांगूच शकत नाही. झाड 'नाही' म्हणू शकतं: दोन नमुन्यांत सहा बदलांचा फरक असेल तर एकमेकांकडून थेट लागण झालेली नाही. 'हो' म्हणायला मात्र प्रवासाच्या तारखा आणि लक्षणांचे दिवसच लागतात.


दांडिया_बाजार (वडोदरा)

प्रसाराचं गणित करायचं तर किलोमीटर विसरा. ब्रॉकमन आणि हेल्बिंग यांनी २०१३ मध्ये 'परिणामकारक अंतर' मांडलं, ते सोपं आहे: एका ठिकाणाहून निघणाऱ्या प्रवाशांपैकी जितका हिस्सा तुमच्याकडे येतो त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्या आणि तो १ मधून वजा करा. हिस्सा १० टक्के असेल तर अंतर ३.३, हजारात एक असेल तर ७.९. या मापानं इंदूरला मुंबई आणि दुबई शेजारी आहेत आणि झाबुआचं एखादं आतलं गाव लांब. साथ कुठे कधी पोचते याचा क्रम या अंतराशी चांगला जुळतो, भूगोलातल्या अंतराशी नाही.

सीमा बंद करून काय मिळतं हेही मोजता येतं. रुग्ण ३ दिवसांत दुप्पट होत असतील आणि तुम्ही ९० टक्के प्रवासी थांबवलेत, तर १० पट घट म्हणजे ३.३ दुपटी, म्हणजे फक्त १० दिवसांची उसंत. ९९ टक्के थांबवले तर २० दिवस. त्या दिवसांत खाटा आणि ऑक्सिजनची सोय झाली तर फायदा, नाहीतर तारीख पुढे ढकलली एवढंच.

ब्रिटनच्या पहिल्या लाटेचं विश्लेषण बघण्यासारखं आहे. विषाणू तिथे हजाराहून जास्त वेळा वेगवेगळा शिरला होता, आणि बहुतांश स्पेन, फ्रान्स, इटलीतून. थेट चीनमधून आलेला वाटा अगदी नगण्य. पहारा मात्र सुरुवातीला चीनच्या विमानांवर होता.


रामबागची_मीनल (इंदूर)

एक शंका. एखादी फांदी झपाट्यानं सगळीकडे पसरली म्हणजे ती जास्त संसर्गजन्य, असंच ना?


छत्रीबाग (इंदूर)

नाही मीनलताई, आणि यात जाणकारही फसतात. २०२० च्या उन्हाळ्यात बी.१.१७७ नावाची फांदी स्पेनमधून निघून युरोपभर पसरली, कित्येक देशांत तीच मुख्य झाली. अंगभूत ताकद जास्त असल्याचा पुरावा मिळाला नाही. लोक सुटीला स्पेनला गेले, परत येताना घेऊन आले, आणि तिथे तेव्हा रुग्णसंख्या चढी होती. एवढंच.

उलट उदाहरण आपल्याकडचं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये भारतात ए३आय नावाचा गट जोरात होता, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं तो वेगळा काढला होता. काही महिन्यांत डी६१४जी हा बदल (स्पाइकच्या ६१४ व्या जागी डी हे अमिनो आम्ल जाऊन जी येणं) असलेल्या गटानं त्याला हटवलं. तेच जगभर अनेक खंडांत, वेगवेगळ्या वेळी झालं. एकाच ठिकाणी वाढ दिसली तर योगायोग किंवा प्रवास असू शकतो. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या पाच-सहा जागी तोच प्रकार तशाच वेगानं दुसऱ्यांना मागे टाकत असेल तर मग विषाणूत खरंच काही आहे.

वेग मोजायचा तर टक्केवारी नको, शक्यतेचं गुणोत्तर घ्या: नवा भागिले बाकीचे. २ टक्के म्हणजे २/९८. ते ५०/५० व्हायला ४९ पट, म्हणजे साडेपाचच्या किंचित वर दुपटी. गुणोत्तर आठवड्याला दुप्पट होत असेल तर साडेपाच आठवड्यांत निम्मा वाटा आणि अकराव्या आठवड्याच्या सुमारास ९८ टक्के. हे लॉगच्या कागदावर सरळ रेषेत येतं. रेषा मध्येच वाकली तर आधी विषाणूवर संशय घेऊ नका, नमुने गोळा करायची पद्धत बदलली का ते बघा.


लष्करकर (ग्वाल्हेर)

आणि त्या सरळ रेषेच्या मागे तीन वेगळी कारणं असू शकतात: जास्त सहज लागण, जुन्या प्रतिकारशक्तीला चकवणं, किंवा दोन लागणींमधलं अंतर कमी होणं. अल्फात पहिलं मुख्य होतं. बीटाचा ई४८४के प्रतिपिंडांना चुकवायचा, म्हणून तो ज्या भागात आधी मोठी लाट येऊन गेली तिथे जोर धरायचा. ओमायक्रॉनमध्ये दुसरं आणि तिसरं एकत्र आलं. त्यामुळे 'ओमायक्रॉनचा आर-नॉट (कोणालाच प्रतिकारशक्ती नसताना एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो) इतका' असे आकडे पाहिले की सावध राहावं. ज्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त लोकांना आधीच प्रतिकारशक्ती आहे तिथे आर-नॉट मोजलाच जात नाही.


पीसीआरवाली (इंदूर)

तुम्ही सगळे झाडाच्या शेंड्यावर बसलाय, मुळाकडे कोणी बघत नाही. नमुना खराब असेल तर वरचं सगळं गणित वाया.

स्वॅब व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात) टाकला की २ ते ८ अंशांत ठेवून ७२ तासांत पोचला पाहिजे. उशीर होणार असेल तर उणे ७०-८० चा डीप फ्रीजर. मे महिन्यात आपल्याकडे आइसपॅक वितळलेला डबा येतो तेव्हा आरएनए तुकडे-तुकडे झालेला असतो. पीसीआर तरीही पॉझिटिव्ह येतो, कारण त्याला शंभरेक अक्षरांचा तुकडा पुरतो. सिक्वेन्सिंगला पुरत नाही. आर्टिक नावाच्या प्रचलित पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत (व्ही३) अख्खा जीनोम सुमारे ४०० अक्षरांच्या ९८ तुकड्यांत वाढवतात. शेजारचे तुकडे एकमेकांवर चढतात, म्हणून सम आणि विषम अशा दोन वेगळ्या नळ्यांत. दोन्ही एकाच नळीत गेले तर मधले आखूड तुकडेच भराभर वाढतात आणि बाकी सगळं बसतं.

सीटी (पीसीआरच्या कितव्या सायकलला विषाणू दिसला तो आकडा, कमी म्हणजे विषाणू जास्त) ३० च्या आतले नमुने घ्यायचे, २५ च्या आत असतील तर उत्तमच. ३.३ सायकल म्हणजे दहापट फरक, तेव्हा सीटी २० आणि सीटी ३० मध्ये हजारपट विषाणूचा फरक आहे. ३३-३४ चे नमुने हट्टानं लावले की अर्ध्या जीनोमवर 'एन' (न वाचता आलेलं अक्षर) येतात. आणि कधीकधी त्याहून वाईट होतं: पाइपलाइनची (क्रम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग चुकीची असेल तर जिथे वाचन नाही तिथे 'एन' ऐवजी वुहानचं अक्षर भरलं जातं. मग बदल झालेलाच नाही असं दिसतं.

डेल्टात हे जगभर झालं. स्पाइकमध्ये १५६ ते १५८ च्या आसपास जी वगळणूक आहे ती बरोबर आर्टिक व्ही३ च्या ७२ नंबरच्या तुकड्याच्या प्रायमरवर (नक्कल जिथून सुरू होते त्या छोट्या तुकड्याच्या जागेवर) पडते. तो तुकडा वाढायचाच नाही, आणि त्याच तुकड्यात असलेला जी१४२डी हा बदल अनेक नमुन्यांत 'नाही' असा नोंदला गेला. झाडात डेल्टाच्या दोन फांद्या दिसायला लागल्या, १४२ असलेली आणि नसलेली. फरक विषाणूत कमी आणि प्रायमरच्या डब्यात जास्त होता. म्हणून व्ही४ आला, ओमायक्रॉननंतर व्ही४.१. कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी प्रायमरची आवृत्ती विचारा. बहुतेकांना सांगता येत नाही.

दुसरं, भेसळ. जानेवारी २०२२ मध्ये सायप्रसमधून 'डेल्टाक्रॉन'ची बातमी आली होती. बहुतेक तज्ज्ञांच्या मते ती एकाच रनमधल्या दोन नमुन्यांची सरमिसळ होती. खरा संकर असेल तर जीनोमचा एक सलग भाग एका पालकाचा आणि उरलेला दुसऱ्याचा, सांधा ठरावीक जागी, आणि तोच सांधा वेगवेगळ्या लॅबमधल्या नमुन्यांत. भेसळीत एकाच जागी दोन्ही अक्षरं ६०-४० अशी मिसळलेली दिसतात, आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्येही (मुद्दाम विषाणूविना ठेवलेल्या नळीत) काहीतरी उगवलेलं असतं. एक्सबीबी हा खरा संकर, बीए.२ च्या दोन उपशाखांचा, सांधा स्पाइकमध्ये.

तिसरं, तारीख. दर जानेवारीत फॉर्मवर मागचंच साल पडतं. १५ जानेवारी २०२२ ऐवजी १५ जानेवारी २०२१ लिहिलं की ओमायक्रॉन जन्माच्या आधी इंदूरला हजर! घड्याळाच्या आलेखात (एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला बदलांची संख्या) असा नमुना वर्षाच्या २४ बदलांनी बाजूला पडतो, लगेच दिसतो, पण कोणी आलेख काढला तर.


दांडिया_बाजार (वडोदरा)

पीसीआरवाली ताई, सोन्यासारखी पोस्ट. एस-ड्रॉपबद्दलही लिहा की.


पीसीआरवाली (इंदूर)

थोडक्यात: तीन जनुकं तपासणाऱ्या काही किटमध्ये स्पाइकचा प्रोब (जनुक ओळखणारा तुकडा) ६९-७० च्या जागेवर बसतो. ती दोन अमिनो आम्लं वगळली गेली की बाकी दोन जनुकं पॉझिटिव्ह आणि एस गायब. सिक्वेन्सिंगची वाट न बघता त्याच दिवशी अंदाज मिळतो. अल्फात असं व्हायचं, डेल्टात नाही. ओमायक्रॉनच्या बीए.१ मध्ये व्हायचं, बीए.२ मध्ये नाही, बीए.५ मध्ये परत. एक्सबीबीत नाही, जेएन.१ मध्ये पुन्हा आहे. फायदा तेव्हाच, जेव्हा आधीचा आणि नवा प्रकार याबाबतीत वेगळे असतात. आणि सीटी ३० च्या पुढे एस नुसता अशक्तपणानंही गायब होतो, तो मोजू नये.


रामबागची_मीनल (इंदूर)

मग २०२१ चा तो 'डबल म्युटंट' आणि डेल्टा एकच का?


छत्रीबाग (इंदूर)

जवळचे, पण एक नाहीत. २४ मार्च २०२१ ला आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र वाढताहेत. हे बी.१.६१७ च्या पहिल्या उपशाखेचं वर्णन, जिला नंतर कप्पा नाव मिळालं. जगभर गेली ती दुसरी उपशाखा, बी.१.६१७.२ म्हणजे डेल्टा, आणि तिच्यात ४८४ चा बदल नाहीच. तिच्याकडे एल४५२आर, टी४७८के आणि पी६८१आर. शेवटचा महत्त्वाचा: स्पाइक जिथे कापला जातो त्या जागेजवळ तो आहे आणि कापणी सोपी करतो. वर्तमानपत्रांचं लक्ष ४८४ वर राहिलं, आणि पसरणारा प्रकार त्याच्याविनाच पसरला. ग्रीक अक्षरांची नावं ३१ मे २०२१ पासूनची.


सराफा_रात्रपाळी (इंदूर)

विषाणू काळानुसार सौम्यच होत जातो असं ऐकलंय. ओमायक्रॉन त्याचाच पुरावा ना?


लष्करकर (ग्वाल्हेर)

नाही भाऊ. ओमायक्रॉन डेल्टापासून आलाच नाही, तो बी.१.१ या २०२० च्या जुन्या फांदीवरून फुटला. डेल्टा हा अल्फापेक्षा तीव्र होता आणि अल्फा आधीच्यापेक्षा. निवड होते ती पसरण्यावर. कोविडची बहुतेक लागण लक्षणांच्या आधी आणि पहिल्या काही दिवसांत होते, रुग्ण आयसीयूत जातो तो नंतर. त्यामुळे तो वाचतो की जातो याचा विषाणूच्या पसरण्यावर फारसा फरक पडत नाही. ओमायक्रॉन फुप्फुसाच्या पेशींत कमी सहज शिरतो हे खरं, पण लोक लस घेतलेले आणि आधी आजारी पडून गेलेले होते हाही मोठा भाग. जिथे वृद्धांचं लसीकरण कमी होतं त्या हाँगकाँगमध्ये २०२२ च्या सुरुवातीला याच 'सौम्य' प्रकारानं हाहाकार केला.


दांडिया_बाजार (वडोदरा)

फ्लूवर थोडं, कारण पुढची महासाथ तिकडून यायची शक्यता कमी नाही. त्याचा जीनोम आठ सुट्या तुकड्यांत. एका पेशीत दोन जातींचे फ्लू घुसले की तुकड्यांची अदलाबदल होते, आणि एका रात्रीत नवा विषाणू तयार. १९५७ मध्ये पक्ष्यांच्या फ्लूचे तीन तुकडे माणसाच्या फ्लूत आले, १९६८ मध्ये दोन. २००९ चा एच१एन१ उत्तर अमेरिकेतल्या आणि युरेशियातल्या डुकरांच्या फ्लूंचा मेळ. एप्रिलमध्ये मेक्सिको-अमेरिकेत लक्षात आला आणि ११ जूनला महासाथ जाहीर.

खंडांमधली वाटणी इथे वेगळी दिसते. एच३एन२ हा फ्लूचा उपप्रकार जवळजवळ दरवर्षी पूर्व आणि आग्नेय आशियातून नव्यानं जगभर जातो. बी प्रकार मात्र भारत-चीनसारख्या ठिकाणी अनेक हंगाम स्थानिक राहतो. कारण असं दिसतं की एच३एन२ वेगानं रूप बदलतो, म्हणून मोठ्यांनाही पुन्हा पुन्हा होतो, आणि विमानानं फिरतात ती मोठी माणसं. बी जास्त करून मुलांना, आणि मुलं शाळेपलीकडे फार जात नाहीत. बी चा यामागाता वंश तर मार्च २०२० नंतर खात्रीनं कुठेच सापडलेला नाही.

लसीचं: जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये घटक ठरवते. आपण उत्तर गोलार्धात, पण भारताच्या बहुतेक भागात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. इंदूर-वडोदऱ्याला एप्रिल-मे मध्ये घेतलेली बरी, आणि तेव्हा दुकानात ताजी असते ती दक्षिण गोलार्धाची. डब्यावर गोलार्ध आणि साल छापलेलं असतं, बघून घ्या. श्रीनगरला लाट जानेवारी-मार्चमध्ये, तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर योग्य.


रामबागची_मीनल (इंदूर)

शेवटचं विचारते. इंदूरसारख्या शहरात नवा प्रकार वेळेत पकडायचा तर किती नमुने लागतात?


छत्रीबाग (इंदूर)

तीनाचा नियम (३ भागिले वाटा): १ टक्का वाटा असलेला प्रकार ९५ टक्के खात्रीनं एकदा तरी दिसायला ३०० नमुने, ५ टक्के असेल तर ६०. अट एकच, नमुने शहरभरातून, न निवडता घेतलेले हवेत. फक्त विमानतळाचे घेतले तर बाहेरून काय येतंय ते कळतं, शहरात काय चाललंय ते नाही. फक्त एका मोठ्या रुग्णालयाचे घेतले तर गंभीर आणि वृद्ध रुग्णांचाच हिशोब होतो. २०२१ मध्ये इन्साकॉगचं (देशातल्या सिक्वेन्सिंग लॅबच्या जाळ्याचं) लक्ष्य पॉझिटिव्हपैकी ५ टक्क्यांचं होतं. पण लाट नसताना ५ टक्के म्हणजे दोन-चार नमुने, आणि तेव्हाच तर नवा प्रकार पकडायचा असतो. ओसरत्या काळात टक्केवारी सोडून ठरावीक संख्या ठेवावी.


पीसीआरवाली (इंदूर)

आणि आता लोक तपासणीच करत नाहीत, तेव्हा सांडपाणी. कबीटखेडीसारख्या मोठ्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) तोंडाशी, शुद्धीकरणाच्या आधी, २४ तासांचा मिश्र नमुना. यंत्र नसेल तर सकाळी सर्वाधिक प्रवाहाच्या वेळी एक लिटर, आणि दर वेळी तीच वेळ. ४ अंशांवर आणायचा, गाळ काढून पीईजी (विषाणू खाली बसवणारं रसायन) आणि मीठ घालून रात्रभर थंडीत, सकाळी सेंट्रिफ्यूज. मिळणारा आरएनए शेकडो माणसांच्या तुटक्या तुकड्यांचा असतो, त्यातून एकसंध जीनोम जोडायचा प्रयत्न करू नये. जोडला तर नसलेला संकर तयार होतो. प्रत्येक जागी कुठलं अक्षर किती टक्के ते घेऊन फ्रेयासारख्या प्रोग्रॅमनं प्रकारांचे वाटे काढायचे.

पावसाळ्यात आपल्या लाइनींत पावसाचं पाणी शिरतं, विषाणू पातळ होतो आणि साथ उतरल्याचा भास होतो. म्हणून मिरचीच्या सौम्य ठिपके विषाणूचं, म्हणजे पीएमएमओव्हीचं, प्रमाणही त्याच नमुन्यात मोजायचं. तो आपल्या जेवणातून सगळ्यांच्या पोटातून जातो, साथ असो वा नसो. दोन्ही सारखेच घटले तर पाऊस, फक्त कोविडचा घटला तर साथ. इंदुरात मिरचीची टंचाई होण्याची भीती नाही, त्यामुळे ते माप भरवशाचं आहे.